काच अडली की आधी दार पाहा: पॉवर विंडो आणि दाराच्या जुळणीतले दोष कसे शोधावेत

काच वर येईना की पहिला संशय मोटरवर जातो आणि पहिला खर्चही तिच्यावरच होतो. मोटर जळते, त्यात खोटे नाही. पण बॅटरीपासून काचेपर्यंतच्या साखळीत ती बरीच मागची कडी आहे. तिच्या आधी फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), ड्रायव्हरजवळचे मुख्य स्विच, दाराच्या सांध्यातून वाकत जाणाऱ्या वायरी आणि दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लग) येतात. तिच्या पुढे काच उचलणारे मशीन, म्हणजे रेग्युलेटर, मग काच ज्यात सरकते ते चॅनल रबर, आणि शेवटी हे सगळे पोटात घेऊन उभी असलेली दाराची चौकट. दार बिजागरीत उतरले असेल तर चौकट पिरगळते, रबर एका बाजूने दाबले जाते, काच तिरकी घासते आणि मोटरला रोज जास्तीचा करंट ओढावा लागतो. मग नवी मोटरही लवकरच रडायला लागते.

म्हणून हत्यार उचलण्याआधी तीन प्रश्न क्रमाने विचारायचे. मोटरपर्यंत करंट पोहोचतो का? पोहोचलेला करंट काच हलवतो का? आणि हलणाऱ्या काचेची वाट मोकळी आहे का?

पॅड न उघडता किती कळते

पॅड म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचे झाकण. ते न काढताही बरेच कळते. सगळ्यात स्वस्त चाचणी छताच्या दिव्याची. इंजिन बंद, इग्निशन चालू, दार उघडे आणि छताचा दिवा पेटलेला ठेवा. बिघडलेल्या खिडकीचा खटका दाबा आणि दिव्याकडे पाहा. दिवा किंचित मंद झाला आणि काच हलली नाही, तर करंट मोटरपर्यंत जातो आहे. मोटर अडकली आहे किंवा मशीन जाम आहे. दिव्यावर काहीच परिणाम झाला नाही तर करंटची वाट मध्येच तुटली आहे. एलईडी दिवे असलेल्या गाड्यांत हा मंदपणा दिसत नाही. तिथे बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून खटका दाबताना व्होल्टेज थोडे उतरते का ते पाहा.

आता कान लावा. खटका दाबल्यावर मोटर सरळ घूं करून फिरते पण काच जागची हलत नाही, म्हणजे मशीनची केबल तुटली आहे किंवा काच धरणारी प्लास्टिकची पकड फुटली आहे. कट-कट, चर्र असा आवाज येत काच तिरकी वर येते, म्हणजे केबलचे धागे सुटून ड्रमवर (केबल गुंडाळणाऱ्या चाकावर) गुंता होतो आहे. अशा काचेला वर-खाली करत बसू नका. सुटलेले धागे ड्रमच्या खोलगट चरीबाहेर पडले की मशीन पूर्ण अडकते आणि काच अर्ध्यावर राहते. एकच ‘टक’ आवाज आणि पुढे शांतता, हे रिलेचे किंवा जाम झालेल्या मोटरचे लक्षण.

काच फक्त खाली जाते, वर येत नाही, ही तक्रार नेहमीची. इथे थोडे डोके चालवले तर वेळ वाचतो. साध्या रचनेत मोटरला दोनच वायरी असतात आणि दिशा बदलायची म्हणजे त्यांचे धन-ऋण उलटायचे. एका दिशेने मोटर नीट फिरत असेल तर मोटर आणि तिच्या दोन्ही वायरी बहुधा ठीक आहेत. उरतात दोनच संशयित: स्विचमधला वरच्या दिशेचा जळका संपर्क, किंवा वर जातानाचे घर्षण. खाली जाताना काचेचे वजन मदत करते, वर जाताना तेच विरोधात असते. म्हणून थोडे जास्त घर्षणही आधी वरच्या दिशेला जाणवते.

चार-सहा वेळा वर-खाली केल्यावर काच थांबली आणि काही मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर घाबरू नका. बहुतेक मोटरींत तापमानाचा संरक्षक बसवलेला असतो. तो तापला की तोडतो, गार झाला की जोडतो. पण एका फेरीतच असे होत असेल तर मोटर जास्त ओढते आहे, आणि का ओढते ते शोधायचे आहे.

शेवटी समोरच्या बाजूच्या तशाच खिडकीशी तुलना करा. इंजिन चालू ठेवून दोन्ही काचा एकेक करून वर घ्या आणि घड्याळ लावा. धडधाकट काचेला साधारण ४ ते ५ सेकंद लागतात. दुसरीला दुप्पट लागत असतील तर तो फरक डोळ्यांच्या अंदाजापेक्षा खात्रीचा पुरावा आहे.

विजेची बाजू

सगळ्याच खिडक्या बंद असतील तर फ्यूज, रिले आणि मुख्य स्विच. ड्रायव्हरची सोडून बाकीच्या बंद असतील तर मुलांसाठीचे लॉकचे बटण. त्या बटणाला हसू नका. ते चुकून दाबले गेल्याने कितीतरी पॅड विनाकारण उघडले जातात. फ्यूज सहसा २० ते ३० अँपिअरचा असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे किंवा मोटर जाम होऊन करंट ओढते आहे, आणि मोठा फ्यूज तो दोष वायरीपर्यंत नेतो.

एकच खिडकी बंद असेल तर ती दोन्ही जागांवरून चालवून पाहा. ड्रायव्हरच्या स्विचवरून चालते, स्वतःच्या दारावरच्या खटक्यावरून नाही: दारावरचे स्विच खराब. स्वतःच्या खटक्यावरून चालते, ड्रायव्हरकडून नाही: मुख्य स्विच किंवा दोघांमधली वायर. दोन्हीकडून नाही, म्हणजे दोष दोघांच्या पुढे आहे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत एक गोम मात्र आहे. त्यांत मागच्या खिडक्यांची अर्थची (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी) वाट मुख्य स्विचमधून जाते. त्यामुळे मुख्य स्विचमध्ये सांडलेले सरबत किंवा पावसाचे पाणी मागच्या खिडक्या बंद पाडू शकते, आणि ड्रायव्हरची काच मात्र खुशाल चालत राहते.

आता दार आणि पिलर (दार ज्याला टांगलेले असते तो बॉडीचा खांब) यांच्यामधले रबरी बूट, म्हणजे वायरींवरचे लवचीक आवरण. दार दर उघडबंदीला याच जागी वायरी वाकवते, म्हणून सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या दारात त्या आधी तुटतात. खटका दाबून धरा आणि दार हळूहळू उघडा-मिटा. एखाद्या कोनात काच अचानक चालू लागली तर दोष सापडला. बूट एका बाजूने सोडवून मागे सारा आणि एकेक वायर हलके ओढून पाहा. आतले तांबे तुटलेले आणि वरचे आवरण शाबूत असेल तर वायर रबरासारखी ताणली जाते. दुरुस्तीला बारीक धाग्यांची लवचीक वायर वापरा आणि जोड बूटच्या बाहेर, दाराच्या किंवा पिलरच्या आत घ्या. वाकणाऱ्या भागात डाग दिला की कथील शोषलेला तुकडा ताठ होतो आणि त्याच्या काठावर वायर पुन्हा तुटते. अनेक वायरी जोडायच्या असतील तर जोड मागेपुढे ठेवा, एका जागी गाठोडे करू नका.

मल्टिमीटर इथे फसवतो, तेव्हा जपून. वीस धाग्यांतला एकच शिल्लक असला तरी कपलर काढून मोजल्यास मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. मोजायचे ते कपलर जोडलेला ठेवून, पाठीमागून बारीक पिन घालून आणि खटका दाबलेला असताना. मोटरच्या दोन टोकांमध्ये ११ व्होल्ट किंवा जास्त मिळत असून ती फिरत नसेल तर मोटर किंवा मशीन. ९-१० व्होल्टच मिळत असतील तर बाकीचे वाटेत खाल्ले जात आहेत. ते कुठे, हे टप्प्याटप्प्याने मोजा: बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या धन वायरीपर्यंत, आणि मोटरच्या ऋण वायरीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर घट असेल तर त्या बाजूचा स्विच, कपलर किंवा अर्थचा बोल्ट तपासा. २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्पही चांगला. तो दीड-पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर वायर लगेच उघडी पडते.

पण लॅम्प लावण्याआधी वायरीची जाडी पाहा. स्विचकडे जाड वायरी जात असतील तर मोटरचा करंट थेट स्विचमधून जातो आणि वरचे सगळे लागू होते. वायरी केसासारख्या बारीक असतील तर स्विच नुसता संदेश पाठवतो आणि करंट दारातला मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) देतो. त्या वायरींना लॅम्प लावला तर मॉड्यूल जळू शकतो. अशा गाडीत मोटरच्या कपलरला पाच-सहा पिना दिसतात आणि काम स्कॅनरने (गाडीने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या यंत्राने) करायचे असते.

दोनच पिनांची मोटर असेल तर शेवटचा निकाल सरळ मिळतो: कपलर काढा, २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घेऊन बॅटरीवरून थेट करंट द्या, मग टोके उलटवा. दोन्हीकडे जोमाने फिरली तर मोटर निर्दोष. मोटरच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर फिरू लागली तर ब्रश झिजले आहेत. ती काही दिवस चालेल, पण तिच्यावर भरवसा नको.

पॅड काढताना

दारात किंवा सीटमध्ये बाजूची एअरबॅग यंत्रणा असेल तर आधी इग्निशन बंद करा, बॅटरीची ऋण तार काढा आणि काही मिनिटे थांबा. पॅड उघडे असताना एअरबॅगच्या सेन्सरचा कपलर काढून इग्निशन चालू करू नका. एअरबॅगचा इशारा-दिवा पेटतो आणि दोषाची नोंद राहते.

काच वर ठेवायची असेल तर रुंद मास्किंग टेपच्या तीन-चार पट्ट्या काचेच्या एका बाजूवरून चौकटीच्या माथ्यावरून दुसऱ्या बाजूला घ्या. केबलच्या मशीनमध्ये मोटर सोडवली की काचेला कुणी धरलेले नसते. कात्रीच्या मशीनचा (एकमेकांना छेदणाऱ्या धातूच्या हातांनी काच उचलणाऱ्या) धोका वेगळा: त्यात ताणलेली जाड स्प्रिंग असते. मोटर काढताच दात सुटतात आणि हात फटक्यासरशी फिरतो. त्यात बोट सापडले तर मोडते. आधी मशीनचा हात बोल्टने किंवा क्लॅम्पने पत्र्याला जखडा, मगच मोटरचे स्क्रू सोडा.

आतली प्लास्टिकची शीट फाडू नका. काचेच्या बाहेरून दारात पाणी शिरतेच, ते खालच्या छिद्रांतून निघून जावे अशीच रचना आहे. शीट ते पाणी केबिनबाहेर ठेवते. ती चिकट डिंकावरून धारदार पात्याने सोडवा आणि परत तितकीच घट्ट बसवा. काही गाड्यांत धक्का ओळखण्यासाठी दारातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्यांत शीट किंवा झाकणातली फट ही नुसती गळती राहत नाही, सुरक्षेचा प्रश्न होते. आत हात घातलाच आहे तर खालची छिद्रे तारेने मोकळी करून घ्या. दारात खळखळ आवाज येत असेल तर तीच तुंबली आहेत.

मशीन आणि रबर

काच मशीनपासून सोडवा आणि दोन्ही तळव्यांत धरून हाताने वर-खाली सरकवा. ही चाचणी कुणी करत नाही आणि हीच सर्वांत जास्त सांगते. काच हाताला जड पण सलग लागली तर रबर कोरडे किंवा मळलेले आहे. एका ठरावीक उंचीवर अडली तर तिथे रबर वळले आहे किंवा चौकट दबली आहे. अलगद सरकली तर दोष मशीनमध्ये किंवा मोटरमध्ये.

रबर ओल्या फडक्याने चरीच्या तळापर्यंत पुसा, सुकू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल, खनिज तेलाचे ग्रीस रबराला लावू नका. रबर फुगते आणि दोन महिन्यांनी काच आधीपेक्षा घट्ट होते. मशीनच्या धातूच्या रुळावर मात्र लिथियम ग्रीसचा पातळ हात हवा.

नवे मशीन बसवताना काचेच्या पकडीचे बोल्ट आधी नुसते हाताने लावा. काच पूर्ण वर घ्या, ती चरीत आपली जागा स्वतः शोधते, मग तशीच वर ठेवून दारातल्या छिद्रांतून बोल्ट आवळा. खाली असताना आवळलेली काच बहुतेक वेळा तिरकी राहते. तपासायला काच माथ्यापासून २० मिमी खाली थांबवा आणि पुढची व मागची फट मोजा. चौकटीच्या काठाशी काचेचा काठ समांतर असला पाहिजे.

वर जाऊन परत खाली येणारी काच

हा दोष विजेचा वाटतो, पण बऱ्याचदा घर्षणाचा असतो. बोट सापडू नये म्हणून स्वयंचलित काचेला अडथळा जाणवताच उलटे फिरावे लागते. नियमांत त्यासाठी १०० न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे १० किलो वजनाइतका दाब. वळलेले रबर, तिरकी काच किंवा उतरलेले दार मॉड्यूलला बोटासारखेच वाटते.

आधी यंत्रणेला हद्दी पुन्हा शिकवा, विशेषतः बॅटरी नुकतीच काढली असेल तर. सर्वसाधारण रीत अशी: काच पूर्ण खाली नेऊन खटका काही सेकंद दाबून धरा, मग पूर्ण वर नेऊन तसाच काही सेकंद धरा. गाडीगणिक सेकंद आणि क्रम बदलतो, तेव्हा पुस्तिका पाहा. तरीही काच त्याच उंचीवरून उलटत असेल तर तिथे पेन्सिलने काचेवर खूण करा आणि त्या उंचीवरचे रबर पाहा. आता दाराकडे वळायची वेळ आली.

दार खरेच सरळ आहे का

दार मिटून चारही बाजूंच्या फटी मोजा. दर बाजूला दोन ठिकाणी, फीलर गेज नसेल तर ड्रिल बिटाचे मागचे टोक चालते. ३ ते ५ मिमीच्या दरम्यान आणि वरपासून खालपर्यंत सारखी, अशी फट चांगली. दाराची मागची कड शेजारच्या पत्र्यापेक्षा १ मिमीहून जास्त आत-बाहेर नसावी. मागच्या बाजूला वरची फट अरुंद आणि खालची रुंद असेल तर दार उतरले आहे.

आता दार अर्धे उघडा आणि मागचे टोक खालून धरून हाताने वर उचला. सहाय्यकाने त्या वेळी दोन्ही बिजागऱ्यांवर बोट ठेवावे. पिन आणि बुशमध्ये खेळ असेल तर बोटाला ठक जाणवते. असा खेळ असताना बोल्ट सैल करून जुळवणी करणे निरर्थक. आधी पिन-बुश बदला. खेळ नसेल आणि दार तरी उतरले असेल तर बोल्ट सरकले आहेत किंवा पत्रा वाकला आहे.

स्ट्रायकरला, म्हणजे दाराचा लॅच (खटका) ज्या बॉडीवरच्या कडीत अडकतो तिला, पहिला हात लावू नका. ही चूक फार होते, कारण तो दिसतो आणि त्याला दोनच स्क्रू असतात. दार मिटताना शेवटच्या सेंटिमीटरला ते वर उचलले जात असेल, आणि उघडताना खाली पडत असेल, तर स्ट्रायकर दाराच्या वजनाचा हमाल झाला आहे. तो खाली सरकवला की आवाज जातो, पण दार उतरलेलेच राहते आणि काच घासतच राहते. योग्य क्रम उलटा: स्ट्रायकर काढून ठेवा, दार मोकळे मिटवून बिजागऱ्यांवर फटी जुळवा, मग स्ट्रायकर दाराला शोधत आणा.

चार दारांच्या गाडीत सुरुवात मागच्या दारापासून. त्याच्या मागचा पत्रा बॉडीला कायमचा जोडलेला असतो, तो हलत नाही. मागचे दार त्याला जुळवा, पुढचे दार मागच्याला, आणि शेवटी फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) पुढच्या दाराला.

बिजागरी सैल करण्याआधी तिच्याभोवती बारीक मार्करने रेघ ओढा आणि शेजारच्या पत्र्यांच्या कडांवर टेप लावा. दाराखाली जॅक आणि त्यावर कापड गुंडाळलेली लाकडी ठोकळी ठेवा. एका वेळी एकच बिजागरी, तीही अर्धा-पाऊण आट्याने सैल. वरची बिजागरी पुढे सरकवली की दाराचे मागचे टोक वर येते, आणि ते किती याचा हिशेब सोपा आहे: बिजागऱ्यांमध्ये ४०० मिमी अंतर आणि दार १००० मिमी लांब असेल तर १ मिमी सरकवल्याने मागे अडीच मिमी फरक पडतो. म्हणून जोर लावू नका. अर्ध्या मिमीच्या हालचाली पुरतात. बोल्टला वाव नसेल आणि बिजागरी दाराच्या पुढच्या तोंडावर बसलेली असेल तर खालच्या बिजागरीमागे १ मिमीची पत्र्याची चकती घातल्यानेही तेच साधते. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कलाच आवळा.

मग स्ट्रायकर. स्क्रू इतके आवळा की तो हाताने ठोकल्यावर सरकेल. दाराचे हँडल उघडे धरून दार हळूच मिटा म्हणजे लॅच स्ट्रायकरला स्वतः मध्यावर आणतो, तिथे आवळा. आत सरकवला तर दार आत बसते, बाहेर घेतला तर बाहेर. दार दोन खटक्यांत बंद व्हायला हवे. दार आपटल्याशिवाय लागत नसेल तर एक काच उघडी ठेवून पाहा. मग सहज लागले तर केबिनमधली हवा अडवते आहे किंवा बीडिंग (दाराभोवतीचे रबर) नवे आणि ताठ आहे. स्ट्रायकर हलवण्याचे कारण नाही.

बीडिंगचा दाब कागदाच्या पट्टीने मोजा. पट्टी रबर आणि दाराच्या मध्ये ठेवून दार मिटा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट निघाली पाहिजे. एका कोपऱ्यात सैल असेल तर वाऱ्याची शिट्टी तिथूनच येते.

चौकट नसलेल्या दारांत काच दार उघडताना सुमारे १० मिमी खाली उतरते आणि मिटल्यावर वर चढते. ती उतरलीच नाही तर मोटरऐवजी आधी लॅचमधले छोटे स्विच तपासा. या काचांना आत-बाहेर झुकाव देणारे नट असतात. जुळवणी दाराची झाल्यानंतरच त्यांना हात लावा, नाहीतर सगळे दुसऱ्यांदा करावे लागते.

सगळे बसले की काच अर्ध्यावर ठेवून दार वीसेक वेळा नेहमीच्या जोराने मिटा, मग बिजागरीचे आणि स्ट्रायकरचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि फटी पुन्हा मोजा. बिजागरी सरकल्याने रंगाखालून जिथे उघडा पत्रा दिसू लागला असेल तिथे प्रायमर आणि रंगाचा हात द्या. पावसाचे पाणी त्या रेघेतूनच बोल्टच्या मागे शिरते.